चार नंबरचा अंगठा

१

बाळ बारा जानेवारीला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पारोळ्यात जन्माला आलं. आणि त्याच बारा जानेवारीला सकाळी सात ते दुपारी साडेतीन त्याची आई नरडाण्याच्या कारखान्यात चार नंबरच्या मशीनवर कामाला होती. पारोळा ते नरडाणा कंपनीच्या गाडीला दीड तास लागतो. दोन्ही गोष्टी कागदावर होत्या, दोन्ही कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि कुठेही खाडाखोड नव्हती.

मी तोताराम बडगुजर, लोक मला नाना म्हणतात. एकतीस वर्षं पोरांना फिटरचं काम शिकवलं, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे पेन्शन नाही आणि निरोपाला नारळ. आता जळगावात राहून सरकारी योजनांची पडताळणी करतो. कागदावर जे लिहिलंय ते जमिनीवर आहे का, एवढंच जाऊन पाहायचं आणि मग सेवा केंद्रात बसून अहवाल भरायचा. अहवाल भरायला जाताना मी बायकोला, रत्नाला, सोबत नेतो. केंद्रातला माणूस गालात हसतो. हसू दे.

पारोळ्याच्या बाजाराजवळ कादर शेख यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. राज्य शासनाच्या अनुदानावर चालतं. भिंतीवर निळ्या रंगात योजनेची उद्दिष्टं रंगवली आहेत: तीस बेरोजगारांना मोल्डिंग मशीनचं काम शिकवणे, त्यात निम्म्या महिला, आणि किमान एकवीस जण सलग नव्वद दिवस नोकरीत टिकणे. एकवीस झाले तर तीस जणांची दुसरी बॅच मंजूर. वीस झाले तर केंद्राला कुलूप. मी एकवीस नावं घेऊन घरोघर फिरत होतो. वीस नावं चोख निघाली. एकविसावं नाव होतं नूतन पियुष महाजन.

तिच्या घरी गेलो तो गुरुवार होता, कारखान्याचा सुट्टीचा दिवस. नवरा पियुष सुरतेला कामाला. दार नूतनने उघडलं. नोकरी चालू आहे का विचारलं तर हो म्हणाली आणि सासूकडे पाहिलं. माझी सवय आहे, मी माणसाचे हात आधी पाहतो. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. कारखान्यात भाजलं का विचारलं, तर नाही म्हणाली, ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात गरम साच्याला लागलं होतं.

सासू लताबाईंनी चहा केला. पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या, काटक बाई. बशी डाव्या हातात धरून आल्या आणि माझ्यासमोर येताच चटकन उजव्या हातात घेऊन पुढे केली. पाहुण्याला डाव्या हाताने काही देत नाहीत, रीत आहे आपली. मी चहा घेतला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडलं.

खिळ्याला दवाखान्याचं कार्ड लटकत होतं. जन्मतारीख वाचली आणि पिशवीतून कारखान्याची जानेवारीची हजेरी काढली. बारा तारीख, नूतन महाजन, हजर. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. नूतनच्या तोंडचं पाणी पळालं. उत्तर लताबाईंनी अहिराणीत दिलं.

"कागद शे भाऊ. कागदवर काय बी ऱ्हास." म्हणजे कागदावर काहीही असतं.

२

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नरडाण्याला गेलो. जाताना मनात एकच विचार होता: हजेरी खोटी आहे. कोणीतरी केबिनमध्ये बसून 'हजर, हजर' लिहीत सुटलंय. आठ वाजेपर्यंत चोर पकडायचा आणि दुपारी घरी जेवायला, असा माझा बेत.

कारखाना ठिबक सिंचनाच्या जोडण्या बनवतो. सुपरवायझर जीवरामभाऊ चौधरी माझ्यासारखंच जुनं खोड. त्यांनी मला थेट फाटकावर नेलं. तिथे अंगठ्याचं मशीन, वर पाटी: फक्त उजवा अंगठा. अंगठा जुळला की हिरवा दिवा लागतो, लोखंडी दांडा फिरतो आणि एकच माणूस आत जातो. हाताने कोणी हजेरी लिहीतच नाही. बारा जानेवारीला नूतनच्या नावाचा अंगठा सहा वाजून बावन्न मिनिटांनी उठलेला होता. मशीनच सांगत होतं, भांडणार कोणाशी?

मग मी म्हटलं, अंगठा देऊन बाई मागच्या मागे गेली असेल. जीवरामभाऊंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक मशीनचे रोजचे नग त्यात हाताने लिहिलेले. साच्यातून जोडणी काढायची, सुरीने कडा सोलायची, तपासून खोक्यात टाकायची. चार नंबरवर बारा जानेवारीला चौदाशे वीस नग निघाले होते. अख्ख्या पाळीत सर्वांत जास्त.

मी तक्ता सुरुवातीपासून वाचला. दहा नोव्हेंबर, पहिला दिवस, आठशे चाळीस. अकरा नोव्हेंबर, साठ. बारा नोव्हेंबर, पंच्याऐंशी. मग दीडशे, दोनशे, अडीचशे, असं करत डिसेंबर संपेपर्यंत हजाराच्या वर. पहिल्या दिवशी आठशे करणारी पोरगी दुसऱ्या दिवशी साठवर कशी आली, असं विचारलं तर जीवरामभाऊ म्हणाले, नवी पोरगी, घाबरली असेल. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

"तुम्ही तिचा चेहरा पाहिलाय का?" मी विचारलं.

"टोपी, मास्क आणि मध्ये डोळे. नानासाहेब, मी चेहरे पाहत नाही, हात पाहतो. आणि मशीनच्या आवाजात बोलणार कोण? माझ्यासाठी ती चार नंबर." मग अभिमानाने म्हणाले, "डावखुरी आहे. तिच्यासाठी सोलायचं टेबल मी डाव्या बाजूला फिरवून दिलं."

काचेतून हॉल दिसत होता. चार नंबरवर एक बाई पाठमोरी उभी होती आणि डाव्या हाताने सपासप कडा सोलत होती. म्हणजे बाई होती, जिवंत होती आणि काम करत होती. तिला बाहेर बोलवा म्हटलं तर जीवरामभाऊंनी साफ नकार दिला. साचा थंड झाला तर अर्धा तास जातो, जेवणाच्या सुट्टीत भेटा म्हणाले.

साडेअकराला भोंगा झाला. मी जेवणाच्या शेडमध्ये गेलो. बाया ओळीने बसलेल्या. तीन नंबरची तबस्सुम मला ओळखत होती, चारच दिवसांपूर्वी मी तिच्या घरी जाऊन आलो होतो. पारोळ्याची, नूतनच्याच बॅचची, गाडीत तिच्याच शेजारी बसणारी. तिने उठून सलाम केला, पाणी दिलं, बसा म्हणाली, आपल्या अम्मीच्या गुडघेदुखीची चौकशी मीच केल्यासारखी सगळी हकीकत सांगितली. मी तिला थांबवून नूतन कुठे आहे ते विचारलं.

तिने शेजारी बोट दाखवलं. तिथे डबा उघडा होता, भाकरी अर्धी खाल्लेली होती, आणि बाई नव्हती. भोंगा पुन्हा झाला तरी ती आली नाही. मी धावत काचेशी गेलो, तर तीन नंबरवर तबस्सुम होती, चार नंबरवर ती पाठमोरी उभी होती आणि काम चालू होतं.

३

शनिवारी पारोळ्याला कादरसमोर जाऊन बसलो. आता माझा सगळा संशय त्याच्यावर होता, आणि त्याला कारण होतं. केंद्र काढण्याआधी कादरचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. जो माणूस तहसीलदाराचा शिक्का हुबेहूब बनवतो, त्याला अंगठ्याचा ठसा बनवायला कितीसा वेळ लागणार?

नूतनची चौकशी केली तर कादर म्हणाला, "पंधरवड्यात एकदा मी स्वतः नरडाण्याला जातो, नाना. मागच्या आठवड्यातच भेटलो तिला. तब्येत चांगली आहे."

"आणि बाळाची?"

"कोणाच्या बाळाची?"

त्याचा चेहरा असा पडला की मला पाच मिनिटं वाटलं, चोर सापडला. मग त्याने कबूल केलं. तो नरडाण्याला एकदाही गेला नव्हता. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोडायला गेला तेवढाच. नंतर घरी बसून फोन करायचा आणि भिंतीवरच्या टार्गेटखाली खडूने रेघ ओढायचा. लबाड होता, पण ही लबाडी आळशाची होती. अंगठा बनवणारा माणूस असा फोनवर भागवत नाही. शिवाय रबराच्या अंगठ्याने दांडा फिरेल, चौदाशे नग कोण सोलणार? रबराला हात फुटत नाहीत.

माझं डोकं पार भंजाळलं. तबस्सुम दोन्ही मशीन चालवते म्हणावं तर काचेतून मी दोघींना एकाच वेळी पाहिलं होतं. नूतनला जुळी बहीण असेल म्हणावं तर कादर म्हणाला, तिला एकच भाऊ आहे. अंगठा खरा, बाळ खरं, नग खरे. तीन खऱ्या गोष्टी मिळून एक खोटी कशी होते, हे मला शिकवणाऱ्यांपैकी कोणीच शिकवलं नव्हतं.

कादरच्या खुर्चीमागे पहिल्या दिवसाचा फोटो होता. नरडाण्याच्या फाटकासमोर सगळी बॅच, गळ्यात झेंडूच्या माळा. नूतन डावीकडून तिसरी, सैल ओढणीत पोट झाकून उभी. तिच्या उजव्या अंगठ्याला भलीमोठी पांढरी पट्टी. कडेला काही घरची माणसंही आली होती, कोणाचा बाप, कोणाची सासू.

मी सहज विचारलं, त्या पोरीचं काम कसं होतं? कादर म्हणाला, पहिला नंबर. उजव्या हाताने सुरी अशी चालवायची की बाकीच्या पोरी बघत राहायच्या.

"उजव्या?"

"हो. का?"

काल काचेतून पाहिलेली बाई डावखुरी होती. मी पिशवी उचलली. कादरने मागून विचारलं की एकवीस धरायचे की वीस, तोवर मी जिना उतरलो होतो.

४

रविवारी जेवतानाही डोक्यात चार नंबरच होता. रत्ना म्हणाली, "अहो, त्या भाजीकडे असं बघू नका, ती आरोपी नाही."

एवढं कळलं होतं की चार नंबरवर नूतन नाही, दुसरीच कोणी आहे. पण मग त्या दुसरीला मशीन नूतन म्हणून आत कसं घेतं? माणूस खोटं बोलेल, फाटकावरचा दांडा का खोटं बोलेल? रात्रभर तेच डोक्यात.

सोमवारी सकाळी जळगावात आमच्या गल्लीतल्या रेशनच्या दुकानात गेलो. माझा नंबर आला, अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. एकतीस वर्षं कानस घासली आहे मी लोखंडावर, लोखंड गुळगुळीत झालं तसा अंगठाही झाला. त्यावर रेषाच उरलेली नाही. दुकानदाराला हे पाठ आहे. त्याने वर न बघता नेहमीचं वाक्य म्हटलं.

"घरचं दुसरं कोणी आणा काका, कोणाचाही चालतो."

मागच्या रांगेतल्या सुगंधाबाई म्हणाल्या, माझाही नाही उठत, म्हणून सुनेला घेऊनच येते. रांगेत सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे घरात ज्याचा अंगठा उठतो तो सगळ्या घराचा अंगठा.

मी तिथेच उभा राहिलो. पट्टी. फाटकावर फक्त उजवा अंगठा. नूतनच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती, मग दहा नोव्हेंबरला त्या मशीनने नोंदवला तो अंगठा कोणाचा?

दुकानदार म्हणाला, काका, रांग अडवू नका. गहू घेतले नाहीत, पिशवी तशीच काखोटीला मारून घरी आलो आणि फाटकाच्या फोटोतला कडेचा भाग आठवू लागलो.

५

गुरुवारी, पाच फेब्रुवारीला, पुन्हा महाजनांच्या घरी गेलो. नव्वद दिवस भरायला दोन दिवस उरले होते. सुट्टी असल्याने तबस्सुमलाही बोलावून घेतलं होतं. बाळ नूतनच्या मांडीवर झोपलं होतं. मी लताबाईंना म्हटलं, अक्का, ही सुपारी कातरून द्या. त्यांनी अडकित्ता डाव्या हातात घेतला, एक खांड पाडलं, आणि मग माझ्याकडे पाहून हात थांबवला.

मी म्हटलं, आता मी सांगतो, चुकलं तिथे थांबवा.

दहा नोव्हेंबरला सुनेला पहिल्या दिवशी सोडायला सासू फाटकापर्यंत आली. नोंदणीची रांग लागली. नूतनच्या अंगठ्याला पट्टी, मशीनला उजवाच हवा, मागून लोक ढकलतायत. तेव्हा सासूने रेशनच्या दुकानात करतात तेच केलं. आपला अंगठा पुढे केला. नोंदवणारा माणूस पडद्याकडे पाहत होता, हिरवा दिवा लागला, पुढचा. त्या दिवशी नोंदणीमुळे फाटक उघडंच होतं, म्हणून नूतन आत गेली आणि तिने पट्टीसकट आपल्या पहिल्या नंबरच्या हाताने आठशे चाळीस नग काढले. दुसऱ्या दिवशी दांडा चालू झाला. आता नूतन महाजन या नावाला मशीन एकाच अंगठ्यावर आत घेणार होतं, आणि तो अंगठा नूतनचा नव्हता. साठ नग काढणारी बाई घाबरलेली नव्हती, तिने मशीन जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. शिकाऊ हाताचा चढ मी एकतीस वर्षं पाहिलाय, तो तक्त्यावर लिहिलेला होता आणि मला दिसला नाही.

कोणी मला थांबवलं नाही. लताबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"पोरीना काही दोष नही शे, भाऊ. मशीनले अंगठा पाहिजे व्हता, मी दिधा. माले वाटनं, रोज जासू, अंगठा देसू, परत येसू."

पण रेशनच्या दुकानातला दिवा कोणाला आत ओढत नाही. अकरा नोव्हेंबरला लताबाईंनी अंगठा ठेवला, दांडा फिरला आणि त्या स्वतःच आत गेल्या. सून बाहेर राहिली. भोंगा झाला, कोणीतरी हातात टोपी आणि मास्क दिला, आणि तबस्सुमने त्यांना ओढून चार नंबरसमोर उभं केलं. पुढचे सहा दिवस सात महिन्यांची पोटुशी नूतन कंपनीच्या तारेच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीत सासू तारेशी यायची. सून तिला काडी हातात घेऊन शिकवायची, सुरी कशी धरायची, साच्यात हात कधी घालायचा नाही. डाव्या हाताच्या बाईला उजव्या हाताची बाई शिकवत होती, म्हणून ती तारेच्या पलीकडून समोरासमोर बसायची, म्हणजे उलटं सुलट दिसतं. ही युक्ती मला एकतीस वर्षांत सुचलेली नाही. सातव्या दिवशी नूतनचे पाय सुजले आणि लताबाईंनी तिला घरीच बसवलं.

तोंड उघडायचं नाही हे तबस्सुमने ठरवलं होतं, आणि मी कारखान्यात आलो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लताबाईंना खूण करून पळवणारीही तीच. ती आता रडायला लागली. दुसऱ्या बॅचच्या यादीत पहिलं नाव तिच्या थोरल्या बहिणीचं, जरीनाचं होतं. अंगठा चुकला असं सांगितलं तर नूतनचं नाव जाणार, एकवीसचे वीस होणार, आणि तीस जणांचं शिक्षण जाणार, एवढा हिशेब तिला पहिल्याच दिवशी कळला होता.

लताबाईंनी आयुष्यभर डाळ मिलमध्ये डाळ निवडली. चौथी पास, योजनेत बसत नाहीत, शिक्षणातही नाही आणि वयातही नाही. कारखान्यात चार नंबर म्हणून का होईना, लोक पहिल्यांदा त्यांच्या कामाचं नाव काढत होते.

मी म्हटलं, मला खरं लिहावं लागेल. नूतन नोकरीत नाही.

नूतनने बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. "लिहा, नाना. पण एक सांगा. मी जे शिकले ते कोणाच्या तरी हाताला लागलं ना? मग तुमच्या भिंतीवरचं उद्दिष्ट पुरं झालं की नाही?"

एकतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस मी, कागद पिशवीत भरले आणि उठलो.

६

शनिवारी, सात तारखेला, दुपारी बाराच्या आत अहवाल भरायचा होता. नाही भरला तर कादरच्या केंद्राचं सगळंच शून्य. मी रत्नाला घेऊन सेवा केंद्रात गेलो. रकाने भरले. नोकरीत टिकलेले उमेदवार: वीस. नूतन महाजन: नाही, तिच्या जागी दुसरीच व्यक्ती. शेवटी पडद्यावर आलं: पडताळणी अधिकाऱ्याचा अंगठा.

केंद्रातल्या माणसाने सवयीने मशीन रत्नाच्या पुढे सरकवलं.

हो. हेच ते, बायकोला सोबत नेण्याचं कारण. दोन वर्षांपूर्वी नोंदणीच्या दिवशी माझा अंगठा उठला नाही, आणि मागे बसलेल्या रत्नाने आपला दिला. तेव्हापासून सरकारच्या लेखी तोताराम बडगुजर हा माणूस रत्नाच्या अंगठ्यात राहतो. लताबाईंचा अंगठा मी ओळखला तो हुशारीने नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, त्यातला प्रकार.

रत्नाने अंगठा पुढे केला नाही. काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं. तिने हात पदराखाली घेतला.

"त्या बाईची भाकरी काढायला माझा अंगठा मागताय?"

"खरं आहे ते लिहिलंय, रत्ना."

"अर्धं लिहिलंय. तिचं खरं लिहिलंत, स्वतःचं कुठे लिहिलंय?"

पावणेबारा वाजले होते. केंद्रातला माणूस खाली मान घालून उगाच वायर तपासत होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, तिचा नाही, स्वतःचाच. शेऱ्याचा रकाना रिकामा होता, तो मी उघडला आणि लिहायला बसलो. अंगठा कसा चुकला ते लिहिलं. पट्टी, रांग, दांडा, लिंबाचं झाड, सहा दिवस. एका प्रशिक्षणार्थीने चौथी पास बाईला तारेपलीकडून शिकवून पाळीतली सर्वांत चांगली कामगार केली, त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता, आणि हे काम कोणत्या उद्दिष्टात मोजायचं याचा रकाना या फॉर्ममध्ये नाही, असं लिहिलं. शेवटची ओळ लिहिताना थांबलो. मग लिहिली: या अहवालावरचा अंगठाही पडताळणी अधिकाऱ्याचा नसून त्याच्या पत्नीचा आहे.

रत्नाने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग अंगठा पदराला पुसला आणि मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. मला यादीतून कमी करण्यात आलं, तेही एका ओळीत, नारळसुद्धा नाही. केंद्राला एकविसावा उमेदवार टिकवून दाखवायला नव्वद दिवसांची मुदतवाढ मिळाली, जरीनाची बॅच तोवर थांबली. आणि नरडाण्याच्या फाटकावर सगळ्यांचे अंगठे पुन्हा घ्यायचा हुकूम निघाला. त्या हुकमाआधीच जीवरामभाऊंनी मालकाला जाऊन सांगितलं होतं की चार नंबरला हलवायचं असेल तर आधी मला हलवा.

मार्चमध्ये नूतन एकविसावी उमेदवार म्हणून पुन्हा कामावर जाणार होती, त्या दिवशी मी पदरचं भाडं घालून नरडाण्याला गेलो. बाळाला शेजारच्या पुष्पाबाईंकडे ठेवून सासू-सुना दोघी कंपनीच्या गाडीतून उतरल्या. लताबाई आधी. स्वतःच्या नावाने अंगठा ठेवला, हिरवा. मग त्या पलीकडे जाऊन थांबल्या. नूतनने पट्टी नसलेला अंगठा ठेवला. लाल. डाग अजून गुळगुळीतच होता. तिने तो साडीला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. रांग कुरकुरायला लागली, मागून कोणीतरी म्हणालं, घरचं कोणी आहे का बघा.

लताबाई दोन पावलांवर होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

नूतनने अंगठ्यावर फुंकर मारली, तिसऱ्यांदा ठेवला, आणि दांडा फिरला.